हलूनकाकांचा अंगठा

आमच्या गल्लीत औषधांचे दुकान आणि चपला शिवणारा यांच्या मधोमध दोन खुर्च्यांचे एक केशकर्तनालय आहे. त्याच्या मालकांना सगळे हलूनकाका म्हणतात. गालाला वस्तरा लावण्याआधी ते दर वेळी "हलू नका" म्हणायचे. ते ऐकत मोठ्या झालेल्या मुलांनी त्यालाच काका जोडून टाकले. मी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा आहे, पण मीही काकाच म्हणतो. ते मला मापवाले म्हणतात, कारण वजनमापे तपासण्याच्या कचेरीत माझा जन्म गेला.

मला लिहिण्याची सवय नाही. नोकरीत शेरे लिहिले, तेवढेच. तेव्हा जिथे बिघडेल तिथे वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

दर बुधवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी दाढीला जातो. पस्तीस वर्षे झाली. समोरच्या आरशाचा पारा खालच्या कोपऱ्यात उडाला आहे, त्यामुळे माझ्या डाव्या हाताचे कोपर मला त्यात कधीच दिसलेले नाही. खुर्चीच्या दांडीला चामड्याचा पट्टा लटकतो. सगळ्या दुकानांत आता फेकायची पाती आली, पण काकांनी आपले घडीचे वस्तरे सोडले नाहीत. तीन होते, तिन्ही त्यांच्या वडिलांचे. वस्तरा पट्ट्यावर आठदा इकडे, आठदा तिकडे फिरवायचा, आणि मग पाते उजव्या अंगठ्याच्या गादीवर अगदी हलके आडवे टेकवून सरकवायचे. डोळे मिटून. लगेच चेहऱ्यावर समाधान यायचे आणि ते म्हणायचे, "बोलली." म्हणजे धार बोलली. न बोललेला वस्तरा त्यांनी कुणाच्या गालाला लावला नाही.

दुसरी खुर्ची त्यांच्या धाकट्या भावाची. गल्लीत त्यालाही नाव आहे, ते धाकटा. वस्तरा दादाचा आणि कात्री धाकट्याची, अशी वाटणी तीस वर्षांपूर्वी झाली. कोवळ्या वयात त्याने एका गिऱ्हाइकाचा कान कापला होता, तेव्हापासून. तो आता पन्नाशीचा आहे, पण वस्तऱ्याला बोट लावायची त्याला बंदी होती ती होतीच.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दाढी झाली की काका गिऱ्हाइकाचे डोके दोन्ही हातांत धरायचे, "सैल सोडा" म्हणायचे आणि झटक्याने मान उजवीकडे व डावीकडे मोडून द्यायचे. कट् कट् आवाज व्हायचा. लोक त्यासाठी लांबून येत. मला ते आवडत नसे, पण नको म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून पस्तीस वर्षे मीही मोडून घेतली. संध्याकाळी दार अर्धे ओढले की धाकटा दादाची मान मोडून द्यायचा. "दिवसभर दुसऱ्यांच्या दाढ्यांत वाकून माझी आखडते," काका म्हणायचे. "मान मोडून काम करतो म्हणजे काय, ते बघून घ्या मापवाले."

तर एका वर्षी त्यांचे वस्तरे बोलेनासे झाले.

प्रथम त्यांनी दगडाला दोष दिला. धारेचा नवा दगड आणला. मग पट्टा बदलला. आठाऐवजी पंधरा, मग वीसदा फिरवू लागले. अंगठा टेकवायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि पुन्हा पट्टा. मी साबण लावून बसलेला असे, आणि साबण वाळून गाल ओढू लागे.

एका बुधवारी मी आत शिरलो तर भावाभावांची जुंपली होती.

"खरं सांग, माझ्या वस्तऱ्यानं पुठ्ठे कापलेस ना?"

"दादा, तीस वर्षांत हात लावू दिला आहेस का मला त्याला?"

"मग काय उंदीर दाढी करून गेले रात्री?"

"उंदरांना विचार. माझ्याशी बोलू नकोस."

पुढचे पंधरा दिवस दोघे एकमेकांशी आरशातूनसुद्धा बोलले नाहीत. काही हवे असेल तर माझ्यामार्फत. "मापवाले, त्यांना सांगा टॉवेल संपलेत." त्यांच्यात हाताचे अंतर. मी मधे बसून निरोप पोहोचवत होतो आणि मला हसू येत होते. आता त्याची लाज वाटते.

कारण मी आधी एक गोष्ट पाहिली होती. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवतीच्या कापडाची गाठ काका न पाहता मारायचे, तोंडाने गप्पा चालू ठेवून. ती गाठ आता त्यांना दोन-तीनदा मारावी लागे. एकदा फणी पडली. उचलताना पुन्हा पडली. मी आरशातून पाहिले आणि नजर वळवली. साठी ओलांडलेल्या माणसाला "तुमचा हात चुकतो" कसे सांगायचे? त्यातून हातावर पोट असलेल्याला? मी स्वतःला सांगितले, वय झाले, होते असे.

मग तो बुधवार आला. त्यांनी माझ्या गालावर दुसऱ्यांदा फेस लावला आणि फेस गुलाबी झाला.

"हलू नका," ते म्हणाले. आवाज घाबरलेला होता. गार टॉवेल, तुरटी, सगळे झाले. गाल पुसून पुसून पाहिला. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"मापवाले, दुखतंय कुठं?"

"नाही हो."

"मग रक्त कुणाचं?"

धाकटा आपली खुर्ची सोडून आला. पंधरा दिवसांचा अबोला विसरून त्याने दादाचा उजवा हात धरला आणि उलटा केला. अंगठ्याच्या गादीवर बारीक रेघा होत्या. दहा-बारा तरी. काही जुन्या, वाळलेल्या, आणि दोन त्या दिवशीच्या, अजून रक्त झिरपणाऱ्या.

"दादा, हे काय करून घेतलंस? दुखत नाही का?"

काका अंगठ्याकडे दुसऱ्या कुणाच्या वस्तूकडे पाहावे तसे पाहत राहिले. मग त्यांनी वस्तरा उचलून धाकट्याच्या हातात दिला. "बघ," म्हणाले. धाकट्याने अंगठा पात्याला नुसता टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"दादा, हा जीव घेईल कुणाचा. केवढी धार आहे ही!"

वस्तरा चांगला होता. वर्षभर चांगलाच होता. बोलणारी धार बोलतच होती. अंगठ्याला ऐकू येणे बंद झाले होते.

जवळच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी मनगटातली नस दबली असेल म्हणून मनगटाला पट्टा दिला आणि मानेचा एमआरआय करून घेतला. अहवालात लिहिले होते की मानेच्या मणक्यांची वयानुसार झीज आहे, एक चकती थोडी पुढे आली आहे, मज्जारज्जूत दोष दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात निम्म्याहून जास्त लोकांच्या माना अशाच दिसतील. काका दुकानात आले ते कोर्टातून सुटून आल्यासारखे. "मान निर्दोष सुटली," त्यांनी जाहीर केले. "गुन्हेगार मनगट निघालं." त्या संध्याकाळी धाकट्याने निर्दोष मान पुन्हा मोडून दिली.

धार आता ते डाव्या अंगठ्याने पाहू लागले. तो अजून ऐकत होता. चार महिने असे गेले. मग एकदा दुकानाची पायरी उतरताना ते थबकले. "कुणी कापूस अंथरलाय का इथं?" खाली नुसती फरशी होती. आम्ही हसलो, तेही हसले. त्याच आठवड्यात शाळेच्या गुरुजींची दाढी करताना जबड्याखाली, दोन बोटांवर, पाते लागले. जखम नखाएवढी. पण जागा गळ्याची.

गुरुजी विनोदी माणूस. "केसानं गळा कापतात असं ऐकलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही तर सरळ वस्तराच घेतलात!"

दुकानात सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी वस्तरा मिटला, पुसला, खणात ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून दाढीला येणाऱ्याला सांगू लागले, "वस्तरे धारेला गेलेत."

त्याच दवाखान्यात मनगटाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांना मात्र शंका आली. काका त्यांच्याकडे चालत गेले तेव्हाच त्यांनी चाल पाहिली. "मनगटाच्या नसेनं पाय जड होत नाहीत काका," त्या म्हणाल्या, आणि मोठ्या रुग्णालयातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या नावे चिठ्ठी दिली. तिथे आम्ही चौघे गेलो. काका, वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी, धाकटा आणि मी. मला कागद वाचायला नेले होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. भिंतींवर मणक्यांची चित्रे, खिडकीत एक सुकलेले झाड. त्यांनी काकांना दहा सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा मूठ उघडायला आणि मिटायला सांगितले. धाकटा ओठांत मोजत होता. चौदा झाल्या.

"निदान वीस व्हायला हव्यात," बाई म्हणाल्या. मग त्यांनी काकांचे मधले बोट धरले आणि नखाला टिचकी दिली. अंगठा आपोआप आत वळला.

"मी नाही हलवला," काका पटकन म्हणाले.

"माहीत आहे मला, काका. मानेत दाब आला की तो असा आपोआप वळतो." त्यांनी पुन्हा टिचकी दिली. अंगठा पुन्हा वळला. काकांनी तो डाव्या मुठीत दाबून धरला.

बाईंनी कागद पुढे ओढला. "हे कधीपासून होतंय?"

"झाले की चार-सहा महिने," काका म्हणाले.

मग वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "दहा महिने. शर्टाची बटणं मी लावते यांची."

काका वळले. "तू लाडानं लावत होतीस ना?"

"या वयात कसला लाड, अहो? तुमची बोटं बटणावरून घसरत होती. सकाळी उशीर व्हायचा, चिडायचात. म्हणून लावायला लागले."

"मला म्हणालीस का कधी?"

"काय म्हणू?"

धाकटा खाली पाहून म्हणाला, "एक वर्ष. दादाच्या वस्तऱ्याची भीती वाटते म्हणून दोन-तीन गिऱ्हाइकं माझ्याकडे आली होती. दाढी तू कर म्हणाली. मी त्यांना हाकलून दिलं. दादाच्या कानावर जाईल म्हणून."

बाई लिहीत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी नातेवाईक नाही, गप्प बसलो असतो तरी चालले असते.

"दीड वर्ष," मी म्हणालो. "कापडाची गाठ मारता येत नव्हती. फणी पडायची. मी पाहिलं होतं."

काका माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. राग असता तर बरे झाले असते. मग बाईंना म्हणाले, "बघा. माझ्याच हाताची बातमी मला सगळ्यात शेवटी."

बाईंनी मानेचाच, पण नव्या पद्धतीचा एमआरआय करायला सांगितला. यंत्र नेहमीचेच, पण त्यावर वेगळ्या रीतीने मापे घ्यायची. जवळजवळ तासभर काका त्या नळीत होते. आम्ही बाहेर बसलो. आतून कुणी लोखंड ठोकावे तसे आवाज येत होते. बाहेर आले तेव्हा डोळे लाल, पण ओठांवर हसू होते.

"मापवाले, आत भोंग्यातून एक जण मला काय म्हणत होता माहीत आहे? 'हलू नका.' मी म्हटलं, बाबा रे, हे वाक्य माझं आहे!"

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, बोलूही नका आणि गिळूही नका. माझ्या गिऱ्हाइकांना मी कधी गिळू नका म्हणालो नाही. म्हणालो असतो तर दुकान बंद पडलं असतं."

ते त्या दिवसाचे शेवटचे हसणे.

आठवड्याने बाईंनी पडद्यावर दोन चित्रे लावली. पहिले जुन्या अहवालातले, काळे-पांढरे. मज्जारज्जू म्हणजे मणक्यांच्या आत उभी असलेली राखी दोरी. एका जागी चकतीने ती जराशी दाबलेली, पण रंग सगळीकडे सारखा. "नेहमीच्या चित्रात नुकसान बरंच झाल्यावर पांढरा डाग दिसतो," त्या म्हणाल्या. "तुमच्यात डाग नाही. म्हणून त्यांनी दोष नाही म्हटलं. त्यांचं चुकलं असं नाही, त्या चित्रात दिसतच नाही." दुसरे चित्र रंगीत होते.

"काका, तुम्ही नीट विंचरलेल्या केसांवर पाणी ओतलं तर कुठं जातं?"

"सरळ खाली."

"आणि गुंता असेल तर?"

"तिथंच पसरतं. आडवंतिडवं."

"मज्जारज्जू म्हणजे विंचरलेले केस समजा. त्यांच्यातलं पाणी उभं धावतं. ते कुठं आडवं व्हायला लागलंय, हे या मापात कळतं." त्यांनी दाबलेल्या जागी बोट ठेवले. तिथला रंग आजूबाजूपेक्षा फिका होता. "इथं गुंता सुरू झालाय. डाग पडायच्या आधीचा."

मला राहवले नाही. जन्मभराची खोड. "बाई, हे माप कशाशी ताडून पाहिलंत? प्रमाण कुठलं?"

त्यांना प्रश्न आवडला असे वाटले. म्हणाल्या, याच यंत्रावर याच वयाच्या धडधाकट माणसांची मापे घेऊन ठेवली आहेत, त्यांच्याशी. "आणि चूक किती धरता?" असे विचारल्यावर म्हणाल्या, "चूक असतेच. माणूस हलतो, श्वास घेतो. पद्धतही नवी आहे. नुसत्या या मापावर मी कुणाच्या मानेला हात लावणार नाही. पण अंगठा, मुठी, चाल आणि हे, चारही जण एकच साक्ष देताहेत."

मग त्यांनी विचारले, "मानेला कधी झटका बसला होता? कुणी मान मोडतं का तुमची?"

धाकटा भिंतीला टेकून उभा होता. त्याने खुर्ची शोधली आणि बसला.

"रोज," काका हळूच म्हणाले. "आम्ही न्हावी आहोत, बाई. आम्ही मोडतो, आणि आमची मोडून घेतो."

"आजपासून बंद. कुणाचीच नको."

"माझ्यामुळं झालं का?" धाकट्याने विचारले. पन्नाशीच्या माणसाचा तो आवाज नव्हता.

"झीज वयानं होते. झटक्यानं किती वाढली हे कुणी सांगू शकणार नाही. बरं नक्की झालं नाही त्यानं."

"आणि मी ज्यांच्या मोडल्या, त्यांचं काय?" काकांनी विचारले.

"बहुतेकांना काही झालं नसेल."

तो 'बहुतेक' काकांच्या मनात काट्यासारखा रुतून बसला. पुढचे कितीतरी दिवस ते गिऱ्हाइकांच्या खुर्चीत स्वतःच बसून, दुकानात येणे बंद केलेली माणसे आठवत. तो लाकूड वखारीतला का येत नाही? तो काठी घेऊन चालायला लागला होता, ते कशाने? मी म्हणायचो, अहो तो गाव सोडून गेला. ते म्हणायचे, तुम्हाला नक्की माहीत आहे? मला नक्की माहीत नव्हते.

बाईंनी दोन वाटा सांगितल्या होत्या. दर तीन महिन्यांनी तपासत राहायचे आणि वाढले तर शस्त्रक्रिया करायची, किंवा आत्ताच करायची. शस्त्रक्रियेने दाब काढता येईल, वाढणे थांबेल अशी पुष्कळ आशा आहे. गेलेले परत येईलच असे नाही.

"वस्तरा?" काकांनी तेवढाच एक शब्द विचारला होता.

"शब्द देत नाही मी. खोटा ठरेल असा तर मुळीच नाही."

घरी मतभेद झाले. धाकटा म्हणत होता थांबू या. हिंडता-फिरता माणूस आहे, मानेत हत्यार कशाला? वहिनी काहीच म्हणत नव्हत्या. मी एका संध्याकाळी गेलो तेव्हा त्या काकांच्या शर्टाची बटणे काढून त्या जागी दाबायची बटणे लावत होत्या. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "भाऊजी, बटणं मी जन्मभर लावीन. माझं काही अडत नाही. पण परवा यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. लहान मूल धरतं तसा. आणि मी पाहिलं की नाही, हे चोरून पाहिलं. या वेळी मी गप्प बसले नाही. म्हटलं, पाहिलं मी."

काका आतून ऐकत होते. बाहेर आले. मनगटाचा पट्टा त्यांनी केव्हाच काढून टाकला होता.

"वर्षभर मी काय केलं सांगू?" ते धाकट्याला म्हणाले. "धारदार वस्तरा पट्ट्यावर घासत बसलो. आज ना उद्या बोलेल म्हणून. दगड बदलला, पट्टा बदलला, तुझ्याशी भांडलो. आता दर तीन महिन्यांनी काय, किती गेलं ते मोजायला जाऊ? बाईंना सांग, तारीख द्या."

"आणि काही कमी-जास्त झालं तर?"

"तर तू आहेस की. कात्री तर कात्री."

शस्त्रक्रिया मानेच्या पुढच्या बाजूने, गळ्यातून झाली. त्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. रुग्णालयात गर्दी करू नका म्हणाले होते आणि घरी करमत नव्हते. दुपारी धाकट्याचा फोन आला, शुद्धीवर आले, पाय हलवले. मी चपला शिवणाऱ्याला ते सांगायला गेलो. त्याने न विचारताच पाण्याचा तांब्या पुढे केला.

मानेला आधार म्हणून लावलेला गळपट्टा निघाला तेव्हा काकांनी सगळ्यात आधी दुकानाच्या आरशात आपला गळा पाहिला. सुरकुतीच्या रेषेतच एक आडवा व्रण होता, बोटभर.

"हात चांगला आहे बाईचा," त्यांनी शेरा दिला. "सुरकुती बघून कापलंय. शिकलेली आहे."

पायांखालचा कापूस गेला. कप एका हाताने धरू लागले. पण उजवा अंगठा अर्धाच जागा झाला. वर्षाने पुन्हा तोच एमआरआय झाला, तेव्हा रंग होता तेवढाच फिका होता. बाई म्हणाल्या, थांबलंय. काका म्हणाले, परत आलं नाही. वहिनी म्हणाल्या, "थांबलंय म्हणाल्या ना त्या? अर्धं वाक्यच ऐकायची खोड आहे तुम्हाला."

दुकानात मान मोडणे बंद झाले. काही जुनी गिऱ्हाइके रुसली. एक जण म्हणाला, पूर्वीसारखी मजा नाही राहिली इथे. तो उठून गेल्यावर काका तो नीट चालतो का, हे दारातून बघत राहिले. सगळ्यांच्या मागे ते असेच बघतात. माझ्यासुद्धा.

गेल्या बुधवारी मी सवयीने नुसता बसायला आत शिरलो तर खणातला वस्तरा बाहेर होता.

"बसा मापवाले. आज दाढी."

धाकट्याने माझ्याकडे पाहिले. मी बसलो. गळ्याभोवती कापड आले, गाठ दुसऱ्या खेपेला बसली. पट्ट्यावर वस्तरा आठदा इकडे, आठदा तिकडे. मग त्यांनी उजवा अंगठा पात्याजवळ नेला, तिथेच थांबवला, आणि वस्तरा भावापुढे धरला.

"तू बघ. बोलली का?"

धाकट्याने अंगठा टेकवला. "बोलली, दादा."

"हलू नका."

उजवा गाल झाला. तो जुना हात नव्हता. पूर्वी वस्तरा एका ओढीत कानापासून हनुवटीपर्यंत येई, आता तीन तुकड्यांत येत होता, आणि प्रत्येक तुकड्याआधी पाते गालावर क्षणभर थरथरत होते. डावा गालही झाला. मग त्यांनी दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली. गळा. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. ओठ घट्ट, आणि डोळ्यांत एवढी आशा की बघवत नव्हती. पाते जबड्याखाली टेकले. थरथरले.

पूर्वीचा मी गप्प बसलो असतो. डोळे मिटून घेतले असते.

"काका," मी म्हणालो, "हात थरथरतोय तुमचा. गळा धाकट्याला करू द्या."

काकांनी वस्तरा माझ्या गळ्यावरून उचलला. आरशातून माझ्याकडे पाहिले, बराच वेळ.

"आधी का नाही सांगितलंत?"

"चुकलं."

"आज सांगितलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. पण आवाज फाटला होता. त्यांनी वस्तरा पुसला आणि मुठीकडून भावापुढे धरला.

"दादा, मला नाही जमायचं. तीस वर्षांत…"

"कात्रीची लाज राख. धर."

धाकट्याने वस्तरा घेतला. त्याचाही हात कापत होता, पण तो घाबरलेल्या माणसाचा होता. तसा कंप थांबतो. त्याने माझी हनुवटी धरली आणि खाकरला. काहीतरी म्हणायचे राहिले आहे हे त्याच्या लक्षात आले, पण ते शब्द त्याला तोंडात घ्यायचा धीर होईना.

काका माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून.

"हलू नका म्हण," ते म्हणाले. "आणि कोपर खाली घे. आणखी खाली. हं. आता ओढ."